गोल झालेला ड्रेन प्लग: घाव घालण्याआधी काय पाहायचं

प्रश्न असा आहे: वडिलांच्या वेळचा महिंद्रा बी-275 घरी आहे, अजून रोज कामाला लागतो. इंजिनचं ऑईल वेळच्या वेळी बदललं जातं, पण मागचं गिअर-डिफरन्शियलचं (मागच्या दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या संचाचं) ऑईल कित्येक वर्षांत कुणी सोडलेलं नाही. यंदा सोडायला घेतलं तर खालचा प्लग हलेना. पाईप पाना लावून लावून त्याचं चौकोनी डोकं गोल झालं. गावातला वेल्डर म्हणतो गॅसने लाल करतो, निघेल. शेजारी म्हणतात लांब पाईप घालून दोघांनी लोंबकळा. कुणाचं ऐकावं?

आज तरी दोघांचंही नाही. प्लग ही बदलायची वस्तू आहे. दुकानात मिळेल, नाहीतर टर्नर लेथवर करून देईल. तो ज्यात बसलाय ते बिडाचं हाऊसिंग मात्र सहजी बदलता येत नाही. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना मागच्या भागात वेगळी चासी नसते. क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हीच घरं बोल्टने जोडून पाठीचा कणा झालेली असतात. प्लगच्या भोवतीच्या जाड कडेला तडा गेला तर ट्रॅक्टर मधून फोडून ते घर उतरवायची वेळ येते. म्हणून इथून पुढे एकच हिशेब धरा: प्लग खराब झाला तरी चालेल, बीड खराब होता कामा नये.

खाली शिरण्याआधी वरचं तोंड उघडून पाहा. ऑईल भरायचा प्लग किंवा झाकण सुटतंय का? हे कुणी पाहत नाही. खालचा प्लग मोठ्या कष्टाने सुटतो, सगळं ऑईल बादलीत येतं, आणि मग कळतं की भरायचा प्लगही तसाच जाम आहे. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर कोरडा उभा राहतो. वरचं तोंड पुढे तापवताना, वाफ बाहेर जायलाही लागणार आहे.

दुसरं, तुम्ही ज्याच्याशी झगडताय तो ड्रेन प्लगच आहे ना, याची खात्री करा. हाऊसिंगच्या बाजूला लेव्हल पाहायचा प्लग असतो. काही ठिकाणी आतला शाफ्ट अडवून धरणारा बोल्टही बाहेरून प्लगसारखाच दिसतो. क्लच हाऊसिंगच्या तळाशी एक भोक असतं, त्यात काही मॉडेलना नुसती स्प्लिट पिन लोंबत असते. ऑईल सील गळायला लागलं की तेल तिथून बाहेर पडावं आणि क्लच प्लेट भिजू नये, यासाठी ते भोक आहे. भातखाचरात चिखलणी करणारे लोक तिथे प्लग मारतात, म्हणजे चिखलपाणी आत शिरत नाही. हंगाम संपला की तो काढायचा असतो, पण तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. ट्रॅक्टरची पुस्तिका मिळवा, तीत ड्रेनच्या जागा चित्रासकट दाखवलेल्या असतात.

आता प्लग का अडकला, याचा विचार. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं, कारण प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे मागच्या वेळी कुणीतरी बेदम आवळलेला असतो. एक फुटी पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर दिला तर प्लगवर साधारण सहा किलोग्रॅम-मीटरचा पीळ बसतो आणि तेवढ्यात मधल्या मापाचा प्लग व्यवस्थित बसतो. त्याच पान्याला पाईप घालून लांबी चार फूट केली की तोच माणूस तेवढ्याच जोरात चोवीसवर जातो. निमुळत्या आट्यांचा, म्हणजे टेपर प्लग असेल तर तो पाचरीसारखा बिडात घुसतो. असा प्लग गंजलेला नसतो. त्याला तेल पाजून फार फरक पडत नाही, त्याला दणका लागतो.

दुसरं कारण आतलं पाणी. लोकांना वाटतं आत ऑईल आहे म्हणजे प्लगचं आतलं टोक गंजणार नाही. पण गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असतं, ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा राहतो, गरम हाऊसिंग रात्री थंड झालं की आतल्या दमट हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाशी जातं आणि नेमकं ड्रेन प्लगच्या आतल्या टोकावर साचून राहतं. कित्येक वर्षं ऑईल न सोडलेल्या ट्रॅक्टरमध्ये हे फार घडतं, आणि तुमच्या बाबतीत मला हीच शंका जास्त आहे. डिपस्टिकवर किंवा भरायच्या तोंडातून बोटाला लागणारं ऑईल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर आत पाणी आहे असं समजा. असा प्लग आतून-बाहेरून दोन्हीकडून गंजलेला असतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

तिसरं कारण चुकीचा प्लग. मूळ प्लग हरवला की लोक पाईपफिटिंगच्या दुकानातून नळाचा प्लग आणतात. अर्धा इंची आणि पाऊण इंची मापात ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी या दोन्ही आट्यांना इंचाला चौदाच फेरे आहेत. त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात दोन-तीन फेरे मजेत जातो. पण एका आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60, आणि व्यासही किंचित वेगळा. पुढे पान्याने रेटलं की तो आटे चिरडत जाम होतो. प्लगचं डोकं बाकी जुन्या बोल्टांशी जुळत नसेल, नळाच्या प्लगसारखं ओबडधोबड ओतीव असेल, तर संशय घ्या. शिवाय गळती थांबवायला कुणी दोन भाग मिसळून लावायची लांबी (पुट्टी) चोपडलेली असते, कुणी शेलॅक, कुणी आणखी काही. प्लगच्या कडेला राखाडी-पांढरा कठीण थर दिसला तर तो आधी छिन्नीच्या टोकाने खरवडून काढा. नुसता तोच थर प्लग धरून बसलेला असतो, असंही होतं.

आता पान्याबद्दल, कारण तुमचं डोकं गोल झालं ते इथेच. पाईप पाना दातांनी धरतो, तो गोल पाईपसाठी आहे. कोपरे असलेल्या डोक्यावर तो प्रत्येक झटक्याला कोपरे खातो. बारा कोपऱ्यांचा रिंग पाना षटकोनी डोक्याला फक्त टोकाजवळ धरतो आणि चौकोनी डोक्यावर तर तो नकोच. षटकोनी डोक्याला सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट). चौकोनी डोक्याला आठ कोपऱ्यांची गोटी, किंवा तोंड न फाकलेला जाड फिक्स पाना. मापाचंही पाहा. बी-275 हा मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला बनणारा ट्रॅक्टर. 1963 साली महिंद्राने त्या कंपनीबरोबर भागीदारी केली आणि तो इथे बनू लागला. म्हणजे मापं इंचातली. याउलट एचएमटीने 1971 पासून पिंजोरला बनवलेला झेटर 2511 मिलिमीटरमधला. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, तिथे 19चा पाना घट्ट बसतो. पंधरा-सोळांश इंच म्हणजे 23.8, तिथे 24चा चालून जातो. पण एक इंच म्हणजे 25.4, त्याला 26चा पाना घातला की तो थोडा सैल राहतो आणि जोर दिला की कोपरे जातात. इंची पान्यांचा सेट घरात नसेल तर एवढ्या कामापुरता मागून आणा. अशा प्लगला जोर कमी पडत नाही, पकड कमी पडते.

वळवायच्या दिशेबद्दलही सांगतो, कारण पाठीवर झोपल्यावर डोकं फिरतं. प्लगच्या डोक्याकडे खालून सरळ पाहा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. ट्रॅक्टरवर बसून वरून विचार केलात तर दिशा उलटी होईल आणि सोडायच्या नावाने आवळत बसाल.

आता तुमच्या प्लगवर काम कसं करायचं ते.

ट्रॅक्टर सपाट, टणक जागी. मागची अवजारं जमिनीवर टेकवलेली, चाकांना पुढून-मागून दगड नाही तर लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कुणीही शिरू नये, तुम्हीही नाही आणि मदतीला आलेला पोरगाही नाही. या कामात माणूस दणके देतो, सगळं हादरतं, आणि जॅक सरकतो तो असाच.

तारेच्या ब्रशने प्लग आणि भोवतीची दोन इंच जागा चकचकीत करा. आट्यांची कड दिसली पाहिजे. मग गंज सोडवणारं तेल. बाजारातला स्प्रे चालेल. ऍसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगला वापरतात ते एटीएफ ऑईल निम्मं-निम्मं मिसळूनही चांगलं काम करतं, फक्त दर वेळी हलवून लावायचं कारण ते वेगळं होतं. अडचण ही की प्लग खाली तोंड करून आहे, वरून टाकलेलं तेल टपकून जातं. एखादी पसरट वाटी या तेलाने भरा आणि विटांच्या थरावर ठेवून इतकी वर आणा की प्लगचं डोकं आणि कड तेलात बुडेल. रात्रभर तशीच राहू द्या, शक्य असेल तर दोन रात्री. आट्यांच्या फटीत तेल आपोआप वर चढतं. मधूनमधून वाटी बाजूला करून हातोडीने डोक्यावर टकटक करा, म्हणजे गंजात बारीक भेगा पडून तेल आत शिरतं. ऍसिटोन भडकन पेटतं, तेव्हा त्या जागी विडी-काडी नको, आणि पुढे तापवायची वेळ आलीच तर आधी सगळं पुसून पूर्ण सुकू द्या.

मग दणका. किलो-दीड किलोचा हातोडा, मध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा गट्टू, आणि प्लगच्या डोक्यावर अगदी सरळ वर घाव. प्लगवरच, बिडावर नाही. बीड ठोकलं की फुटतं, ते वाकत नाही. पाच-सात चांगले घाव बसले की आट्यांमधली पकड सैल व्हायला लागते. डोक्याच्या बाजू कानशीने समोरासमोर सपाट करा, दोन बाजू तरी. चौकोनाचं माप थोडं लहान होईल, पण फिक्स पाना पुन्हा बसेल. एकाने पान्यावर सोडायच्या दिशेने सतत ताण धरायचा, दुसऱ्याने प्लगवर सरळ घाव घालायचे. या जोडकामाने सुटलेले प्लग मी जितके पाहिलेत तितके पाईप लावून सुटलेले पाहिले नाहीत. ताण धरलेला असताना हलला नाही तर आवळायच्या दिशेने केसभर फिरवून पाहा, मग पुन्हा सोडायच्या. थोडासा हलला की लगेच ओढत नेऊ नका. मागे-पुढे, मागे-पुढे, मध्ये तेल, म्हणजे गंजाचा चुरा आटे ओरबाडत नाही.

एवढ्यावर निघाला नाही तर गॅसचा प्रश्न येतो. तापवणं हा उपाय खोटा नाही, वेल्डरची पद्धत चुकीची आहे. आत ऑईल भरलेलं असताना बाहेरून ज्योत लावली की ऑईल उष्णता ओढून घेत राहतं. बीड हवं तेवढं तापत नाही, ज्योत मात्र जास्त वेळ लागते, आतलं ऑईल त्या जागी करपून वाफ धरतं. वर एका जागी भडक तापलेलं बीड थंड होताना तडकतं. म्हणून आधी ऑईल वरून काढा. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून ऑईल कोमट-पातळ करा, बॅरलचा हातपंप किंवा ऑईल ओढायची पिचकारी भरायच्या तोंडातून घाला आणि जेवढं येईल तेवढं बाहेर काढा. तळाशी थोडं राहील, राहू द्या. नडीच्या वेळी एवढ्यावरही हंगाम निभावतो: जुनं बरंचसं काढलं, नवं भरलं, प्लगचं काम पावसाळ्यानंतर. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तळाशी पाणी असेल तर नळी अगदी तळाला टेकवून ओढा.

ऑईल काढल्यावर हॉट एअर गनने प्लगभोवतीचं बीड सगळीकडून हळूहळू तापवा. प्लग पोलादी आणि घर बिडाचं. तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच फुगतात, त्यामुळे दोन्ही एकदम तापवून उपयोग नाही. घर आधी तापलं आणि प्लग मागे राहिला तर फट पडते. गरम असतानाच आट्यांच्या कडेला मेणबत्तीचं मेण टेकवा, ते वितळून आत ओढलं जातं. लगेच ताण आणि दणका. वरची तोंडं उघडी, जवळ वाळूची बादली, आणि आदल्या दिवसात त्या घरात कुणी पेट्रोल किंवा डिझेल ओतून धुतलेलं नाही याची खात्री. पेटलेल्या ऑईलवर पाणी मारायचं नाही.

तुमच्या वेल्डरकडून मी करून घेईन ते काम वेगळं आहे: डोक्यावर नट वेल्ड करणं. गोल झालेल्या डोक्यावर जाड नट चढवायचा आणि नटाच्या आतून, मधोमध वेल्डिंग भरायचं. यात दुहेरी फायदा आहे. नवीन षटकोनी डोकं मिळतं, आणि उष्णता थेट प्लगमध्ये जाते. प्लग तापून फुगतो, आटे दाबतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड मोडते. म्हणून वेल्डिंग झाल्या झाल्या पाना लावायचा नाही. लाली पूर्ण जाऊ द्या, दोन-चार मिनिटं थांबा, मग मागे-पुढे हलवा. पहिला नट तुटून आला तर दुसरा लावा, बऱ्याचदा दुसऱ्याला निघतो. चकाकणारा जस्ताचा मुलामा असलेला नट घेऊ नका, त्याचा धूर छातीला वाईट. वेल्डिंगचा थेंब बिडावर चिकटू नये म्हणून प्लगच्या डोक्याभोवती आधी एक जाड वॉशर सरकवा. बॅटरीच्या दोन्ही वायर सोडा. अर्थची चिमटी प्लगच्या अगदी जवळ, त्याच हाऊसिंगवर घासून स्वच्छ केलेल्या जागी लावा. चिमटी चाकाला नाहीतर पुढच्या बंपरला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर ठिणग्यांचे खड्डे पडतात. आधी सांगितलेली उघडी तोंडं आणि वाळूची बादली इथेही हवीच. आणि हे मागच्या गिअर-डिफरन्शियलच्या घरापुरतंच. डिझेलच्या टाकीच्या प्लगवर ज्योत किंवा वेल्डिंग कधीच नको. रिकामी टाकी तर भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण ती वाफेने भरलेली असते.

डोकं उरलंच नाही तर शेवटी ड्रिल. मध्यभागी पंच मारून पाच मिलिमीटरपासून सुरुवात, मग वाढवत जा, पण आट्यांच्या अलीकडे दीड मिलिमीटर भिंत राहील तिथे थांबा. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने त्या भिंतीला आतून दोन चिरा द्या आणि छिन्नीने ती आतल्या बाजूला गुंडाळून काढा. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट आतून धरून काढायचं हत्यार) मी टेपर प्लगला टाळतो. तो प्लगला आतून फुगवतो आणि तो तुटून आत राहिला तर कडक पोलादावर ड्रिल चालत नाही. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा, चुरा त्यात अडकतो. नंतर वरून थोडं ऑईल ओतून भोकातून वाहू द्या आणि तारेला बांधलेलं लोहचुंबक आत फिरवा.

डोक्यात चौकोनी खाच असलेल्या प्लगबद्दल थोडक्यात: खाच खिळ्याने तळापर्यंत साफ करा, आत दगडासारखी घट्ट झालेली माती असते आणि तिच्यामुळे चावी अर्धीच बसते. मग मापाचा चौकोनी बार हातोड्याने आत बसवून पान्याने फिरवा. चावीला व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट लावली तर घसरत नाही.

प्लग निघाला की पहिली धार बघा. आधी पाणी आलं आणि मग ऑईल, तर गिअर लिव्हरचं रबर आणि ब्रेथर (घरातली हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड) पाहायलाच हवेत, नाहीतर नवीन ऑईलही वर्षभरात दुधाळ होईल. चंदेरी भुकटी थोडी असतेच. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा आला तर ऑईल भरण्याआधी झाकण उघडून गिअर तपासा.

परत बसवताना आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) हलके साफ करा आणि आट्यांच्या गेजने नक्की कोणते आहेत ते ठरवा. अंदाजाने प्लग आणू नका. सरळ आट्यांचा प्लग वॉशरवर बंद होतो, म्हणून वॉशर दर वेळी नवा. तांब्याचा जुना वॉशरच वापरायचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून थंड करा, तो पुन्हा मऊ होतो. टेपर प्लगला वॉशर नसतो, आटेच गळती थांबवतात, आणि तो डोक्यापर्यंत आत गेलाच पाहिजे असं काही नाही. आट्यांना थोडं ऑईल किंवा पातळ सीलंट पुरे. गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑईल एकच असलेल्या ट्रॅक्टरवर टेफ्लॉनची टेप वापरू नका, तिचे धागे तुटून हायड्रॉलिकच्या जाळीत अडकतात. आवळताना एक फुटी पाना, एका हाताचा जोर, पाईप नाही.

काढलेलं ऑईल झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑईल घेणाऱ्याकडे द्या; बांधावर किंवा ओढ्याकाठी ओतू नका, ते पावसात विहिरीपर्यंत जातं. नवीन ऑईल भरल्यावर तासभर ट्रॅक्टर चालवा, प्लग पुसून कोरडा करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पुठ्ठा ठेवून पाहा. ओल दिसली तर लगेच आवळायला जाऊ नका. आधी ती प्लगचीच आहे की वरच्या एखाद्या सीलवरून ओघळून आली आहे, ते पुसून, खडूची पूड लावून तपासा.